जिंकले तर सुट्टी नाही

हॉकी म्हटलं की आपल्याकडे अजून ध्यानचंद आठवतात, आणि ते रास्तच आहे. मी ज्या हॉकीच्या नादाला लागलो ती दुसरी. बर्फावरची, पोलादी पात्यांचे बूट घालून खेळायची, धक्काबुक्कीला मुभा असलेली. कॅनडातल्या एडमंटन शहरात रॉजर्स प्लेस नावाचं बंदिस्त क्रीडागार आहे. २०१६ साली उघडलं. एडमंटन ऑयलर्स हा व्यावसायिक संघ तिथे खेळतो आणि त्या संघाच्या पायाखालचा बर्फ तयार करणाऱ्या, राखणाऱ्या, गरज पडली की झाकून टाकणाऱ्या टोळीत मी काम करतो. २०२३-२४चा ऑयलर्सचा हंगाम मी पाहिला असं म्हणवत नाही. बहुतेक सामन्यांत मी बर्फ सपाट करणाऱ्या झॅम्बोनी यंत्राच्या दाराआड फावडं घेऊन उभा होतो. पण तो हंगाम माझ्या अंगावरून गेला, एवढं नक्की.

आधी मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या शीतगृहात होतो. त्यामुळे कॉम्प्रेसरची घरघर, अमोनियाचा वास, पाइपांवर धरणारं पांढरं दंव हे सगळं ओळखीचं. तिथे माल थंड करायचा पण गोठू द्यायचा नाही. मण्यात पाणी गोठलं की शेतकरी, व्यापारी आणि मालक तिघांच्या शिव्या. इथे न गोठलं तर शिव्या. बाकी धंदा एकच.

बर्फ घालायचं काम सप्टेंबरच्या तोंडावर सुरू होतं. खाली काँक्रीटचा सपाट कोबा, त्याच्या पोटात पाइपांचं जाळं, पाइपांतून थंडगार खारं पाणी सतत फिरत असतं. कोबा गोठणबिंदूच्या पुरेसा खाली गेला की वर पाण्याचा फवारा मारायचा. ओतायचं नाही, नुसता फवारा, नळीला भोकं असलेली दांडी जोडून, एका चालीने चालत. एकदम पाणी सोडलं तर बर्फ ढगाळ आणि ठिसूळ होतो. पातळ थर बसला की पांढरा रंग, नाहीतर खालचा राखाडी कोबा दिसतो आणि त्यावर काळी पक, म्हणजे त्यांचा चेंडू, प्रेक्षकाला सापडत नाही. मग पुन्हा पाणी, मग लाल-निळ्या पट्ट्या, वर्तुळं, बोधचिन्हं, आणि त्यावर परत पाण्याचे थर, एकावर एक. शेवटी जाडी भरते इंचभर, फार तर थोडी जास्त. दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद आणि इंचभर जाड, म्हणजे हिशेबाने चाळीस हजार लिटरच्या आसपास पाणी. आमच्या निफाड-सिन्नरकडच्या माणसाला हे टँकरमध्ये सांगावं लागतं. दहा हजारी चार टँकर. उन्हाळ्यात एखाद्या वाडीला त्यावर काही दिवस निघतील. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “आणि वर्षाच्या शेवटी काय करता त्याचं?” वितळवतो, म्हटलं. त्यावर त्यांनी जे तोंड केलं ते व्हिडिओ कॉलवरही स्पष्ट दिसलं.

नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांना वेळापत्रक कळतं. त्यामुळे हंगाम समजावून सांगायला त्रास पडला नाही. त्या वर्षी ऑक्टोबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघाचे ८२ सामने. त्यातले ४१ घरच्या बर्फावर, ४१ बाहेरगावी. लीगमधल्या ३२ संघांपैकी १६ पुढे जातात. तिथून प्लेऑफ. त्यात एकेका जोडीचे जास्तीत जास्त सात सामने, आधी चार जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. अशा चार फेऱ्या. म्हणजे स्टॅन्ली चषक उचलायचा तर १६ सामने जिंकायचे. एप्रिलच्या मध्यानंतर आमचा कामाचा तक्ता पुढच्या आठवड्याच्या पलीकडे कोणी लिहीत नाही. तिथून पुढे जे काही होईल ते संघ हरेपर्यंत. नाना लगेच म्हणाले, “जादा गाड्या.” आषाढीला पंढरपूरसाठी सोडतात तशा. गर्दी संपेपर्यंत ड्युटी संपत नाही.

नेमकं हेच त्या वर्षी गळ्याशी आलं. नाना ८१ वर्षांचे होणार होते. सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम पिंपळगावला करायचा, सगळ्या लेकी-जावयांनी यायचं, असं ठरलं होतं. गुरुजींनी मेच्या अखेरचा मुहूर्त काढला. मी बायकोला बिनधास्त सांगितलं, मेपर्यंत संघ राहतोय कुठे? गेल्या कित्येक वर्षांत चषकाच्या अंतिम फेरीला हे लोक पोचलेच नव्हते. शेवटचे २००६ साली, आणि तेव्हाही सातव्या सामन्यात हरले.

हंगाम सुरू झाला आणि माझं भाकीत फारच खरं होणार असं दिसू लागलं. ११ ऑक्टोबरला पहिलाच सामना व्हँकुव्हरमध्ये, आणि तो १-८ असा हरले. महिनाअखेर कॉमनवेल्थ स्टेडियमवर उघड्या आभाळाखाली कॅलगरीशी एक सामना झाला, तो तेवढा ५-२ असा जिंकले. पन्नास हजारांवर माणूस थंडीत कुडकुडत बसला होता. त्या बर्फाशी आमचा संबंध नव्हता, तो लीगचे लोक आपली फिरती यंत्रणा आणून घालतात. नोव्हेंबरच्या ९ तारखेला तळाला पडलेल्या सॅन होजेकडूनही हरले. तोवर बारा सामन्यांत दोन विजय. जगातला सगळ्यात चांगला समजला जाणारा खेळाडू, कॉनर मॅकडेव्हिड, ज्या संघाचा कप्तान, त्याचे हे हाल. १२ नोव्हेंबरला प्रशिक्षक जे वूडक्रॉफ्ट यांना काढलं आणि क्रिस नोब्लॉक आले. दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे न्यूयॉर्क आयलंडर्सशी सामना होता.

त्या दिवशी वरच्या मजल्यावर पत्रकारांची झुंबड होती. खाली आम्ही रोजच्यासारखे भोकं पाडत होतो. हे काम कोणाला माहीत नसतं म्हणून सांगतो. बारीक ड्रिल घेऊन ठरलेल्या जागी बर्फात भोक पाडायचं, त्यात मापाची काडी घालायची, जाडी लिहायची. मग भोकात बर्फाचा चुरा आणि पाणी भरून अंगठ्याने दाबायचं. कुंपणाच्या कडेला बर्फ चढत जातो, कारण झॅम्बोनीचं पातं तिथे नीट पोचत नाही. गोलपुढे उतरत जातो, कारण गोलरक्षक आल्या आल्या तिथला बर्फ पात्याने खरवडून आपल्याला हवा तसा खडबडीत करून घेतो. एकीकडे चढलेला आणि एकीकडे उतरलेला बर्फ परत सपाट करणं, हेच आमचं निम्मं काम. आमचा मुकादम युक्रेनी वंशाचा, वय साठीच्या पुढे. वेन ग्रेट्झ्कीला १९८८ साली लॉस एंजेलिसला विकलं ती गोष्ट तो अजून कालच घडल्यासारखी चिडून सांगतो. त्याला मी विचारलं, नव्या प्रशिक्षकाने काही फरक पडेल का? तो म्हणाला, “गोलपुढचं माप सांग.” सांगितलं. “पडेल,” म्हणाला. नेमका कशामुळे ते बोलला नाही. त्या रात्री संघ ४-१ने जिंकला.

सामन्याच्या वेळी आम्हाला खरं काम असतं मध्यंतरात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव आणि मध्ये अठरा मिनिटं. त्यात दोन झॅम्बोनी एकामागे एक निघतात. फ्रँक झॅम्बोनी नावाच्या माणसाने १९४९ साली कॅलिफोर्नियात हे यंत्र केलं. बर्फाच्या यंत्राचा शोध कॅलिफोर्नियातल्या माणसाने लावावा यात मला काही नवल वाटत नाही. ज्याच्याकडे बर्फ टिकत नाही तोच त्याची काळजी करणार. यंत्राखालचं पातं वरचा पापुद्रा तासतं, तो चुरा पोटात घेतं, आणि मागे एक ओलं फडकं लोळत जातं, त्यातून गरम पाणी पसरतं. हो, गरम, साठ अंशांच्या आसपासचं. गार पाणी वरच्यावर गोठून बसतं. गरम पाणी खालच्या बर्फाला किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं आणि त्यात विरघळलेली हवाही कमी असते, म्हणून थर घट्ट बसतो. झॅम्बोनी निघाली की प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पोरं हात हलवतात. चालवणारा थोडा नटच असतो. मी चालवत नाही. मी फावडं आणि बादलीवाला.

बादलीतलं काम मला जास्त आवडतं. खेळ चालू असताना कुठे खोल चीर पडली की शिट्टी होते आणि पंच खुणावतो. धावत जायचं, पण बर्फावर धावता येत नाही, म्हणून ते एक विचित्र लगबगीचं चालणं असतं. चिरेतला भुगा काढायचा, ओला चुरा ठासायचा, आणि वरून कार्बन डायऑक्साइडचा फवारा सोडायचा, आग विझवायचं तेच सिलिंडर. फस्स करून पांढरा धूर निघतो आणि चुरा दगड होतो. पंच पायाने दाबून बघतो. अठरा हजार लोक वाट बघत असतात आणि त्यांतल्या एकालाही तुमच्यात रस नसतो. पक बाजूला घेऊन मॅकडेव्हिड एकदा अगदी हातभर अंतरावर उभा होता. मी चिरेकडे बघत होतो. तो कुठे बघत होता ठाऊक नाही.

संघ दौऱ्यावर गेला की आम्ही मोकळे, असं नानांना वाटे. प्रत्यक्षात तेव्हाच जास्त राबावं लागतं. ऑयल किंग्ज हा तरुण पोरांचा संघ त्याच बर्फावर खेळतो. शिवाय गाण्याचे जलसे. सामना रात्री दहाला संपला आणि दुसऱ्या दिवशी जलसा असला की रात्रभर बदली. सक्शन कप लावून कुंपणाच्या उंच काचा उतरवायच्या, कुंपणाचे तुकडे सोडवायचे, बर्फावर जाड फळ्यांची फरशी बसवायची. बर्फ खाली तसाच राहतो, आणि हजारो माणसं त्याच्यावर नाचून जातात. जलसा झाला की उलट. फरशी काढल्यावर बर्फावर धूळ, सांडलेलं काहीबाही, चमकीच्या टिकल्या. ते सगळं खरवडून, धुऊन, परत पाण्याचे थर द्यायचे, कारण परवा टोरांटो येणार असतं. या बदलीत माझ्या जोडीला असतो एक लुधियानाकडचा पाजी. त्याच्या कानात हॉकीचं पंजाबी समालोचन. टीव्हीवर ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ हा कार्यक्रम पंजाबीतही होतो, आणि त्यातला हरनारायण सिंग हा गाजलेला समालोचक इथल्याच अल्बर्टा प्रांतात वाढलेला. पाजीला इंग्रजी उत्तम येतं, पण गोल झाल्यावर त्याला पंजाबीच लागते. मराठीत असं समालोचन कोणी केलं तर पहिल्यांदा कोणता शब्द मोडेल याचा मी काच उचलता उचलता पुष्कळ विचार केलाय.

डिसेंबरात संघ सुटला. २१ डिसेंबरपासून जिंकत सुटले ते २७ जानेवारीपर्यंत. लागोपाठ १६ विजय. लीगचा विक्रम १७चा, पिट्सबर्गचा, १९९३ सालचा. फेब्रुवारीत लास वेगासला हरले आणि विक्रम एका सामन्याने हुकला. पण माझ्या डोक्यात त्या जानेवारीतली दुसरीच गोष्ट बसली आहे. मकर संक्रांतीच्या आसपास एडमंटनला उणे चाळिसाची लाट आली. नाकातले केस गोठतात, पापण्या चिकटतात, गाडीची चाकं एका बाजूने चपटी होऊन गोठलेली असतात आणि पहिले काही मीटर गाडी उड्या मारत जाते. १३ जानेवारीच्या संध्याकाळी सगळ्या प्रांताच्या मोबाइलवर एकदम कर्कश भोंगा वाजला. वीजपुरवठा तुटायच्या बेतात आहे, अनावश्यक वीज बंद करा. लोकांनी खरोखर दिवे मालवले आणि वेळ निभावली. संघ तेव्हा पूर्वेकडे दौऱ्यावर होता. नाना म्हणाले, “बाहेर उणे चाळीस आहे ना? मग मशीन कशाला चालवता? खिडक्या उघडा की.”

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता. मी त्यांना नीट सांगितलं, आणि ते नीट ऐकणारे आहेत. बर्फाचं पृष्ठ उणे पाच-सहाच्या आसपास लागतं. त्याहून फार थंड झाला तर बर्फ ठिसूळ होतो, पात्याखाली कपचे उडतात. त्याहून गरम झाला तर मऊ पडतो, पक उसळते, खेळाडूंचे पाय जड होतात. आणि तो सगळीकडे सारखा हवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर हजारो माणसं अंगाच्या उबेने हवा तापवत असतात, दिवे असतात, त्यांना गारठवून चालत नाही. खिडकीतून येणाऱ्या थंडीला कुठे थांबायचं ते कळत नाही. पाइपातल्या थंडीला कळतं. खरं म्हणजे आमचा शत्रू उष्णतेपेक्षाही दमट हवा. एडमंटनचा हिवाळा थंड पण कोरडा, म्हणून इथला बर्फ पूर्वापार नावाजलेला. ऑयलर्सच्या जुन्या क्रीडागारातला, म्हणजे कोलिझियममधला, बर्फ करणारे डॅन क्रेग यांना लीगने पुढे सगळ्या संघांच्या बर्फावर लक्ष ठेवायला नेलं ते उगाच नाही. त्याच कोलिझियमवर काम करणारे ट्रेंट एव्हन्स २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकसाठी बर्फ करायला गेले होते. त्यांनी रिंकच्या बरोबर मध्यावर, बर्फाच्या पोटात, कॅनडाचा एक डॉलर पुरला. इथे त्या नाण्याला लूनी म्हणतात. त्या वर्षी कॅनडाच्या पुरुषांनी आणि बायकांनी, दोघांनीही सुवर्णपदक घेतलं. पुरुषांना पन्नास वर्षांनी मिळालं. नाणं आता टोरांटोला हॉकीच्या संग्रहालयात आहे. हे ऐकल्यावर सासूबाईंनी ताबडतोब विचारलं, “तुम्ही सव्वा रुपया पुरलात का?” नाही पुरला. पुरायला हवा होता असं पुढे जूनमध्ये त्यांनी दोनदा ऐकवलं.

नियमित हंगाम संपला तेव्हा ४९ विजय, १०४ गुण. मॅकडेव्हिडने त्या हंगामात शंभर गोलांना हातभार लावला होता (त्याला असिस्ट म्हणतात), झॅक हायमनने ५४ गोल मारले होते. मी मात्र कॅलेंडर बघत होतो. पहिली फेरी लॉस एंजेलिसशी, पाच सामन्यांत संपली. दुसरी व्हँकुव्हरशी. ती चांगली सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली, २० मेपर्यंत. तो सामना व्हँकुव्हरला होता आणि मी घरी बसून बघत होतो. ३-० अशी आघाडी होती, मग व्हँकुव्हरने दोन मारले आणि शेवटची मिनिटं श्वास रोखून गेली. आता खरं सांगतो. एक डोळा मुहूर्तावर होता. हरले असते तर मेअखेर मी पिंपळगावला. व्हँकुव्हरची पक गोलाकडे गेली की पोटात दोन ठिकाणी गोळा येत होता, आणि कोणता कशाचा ते मला ओळखू येत नव्हतं. जिंकले. बायको पलीकडून नुसतं “हं” म्हणाली.

रजा कोणी अडवली असती असं नाही. मागितली असती तर मिळाली असती, माझ्याशिवाय बर्फ वितळणार नव्हता. पण मला जायचं नव्हतं, आणि हे नानांना सांगणं भाग होतं. शिवाय प्लेऑफ म्हणजे ओव्हरटाइम, तासाचे पैसे बरे मिळतात, तेही कशाला लपवा. मी फोन केला, शब्द जुळवून ठेवले होते. नानांनी ते बोलूच दिले नाहीत. “अहो जावईबापू, आषाढीच्या ड्युटीत मी माझ्या मेव्हण्याच्या लग्नाला गेलो नव्हतो. हजार चंद्र बघितले, अजून एक-दोन बघीन. तुमचे लोक हरले की सांगा.” गुरुजींनी मुहूर्त पुढे ढकलला. घरात माझ्या मेव्हणीचा मुलगा कॉलेजात आहे, त्याला नानांनी कामाला लावलं. सामना इथे संध्याकाळी सहाला सुरू होतो तेव्हा तिकडे पहाटेचे साडेपाच. नाना तसेही त्या वेळी उठून बसलेले असतात. पोरगा मोबाइलवर गुणफलक उघडून देई आणि परत झोपे. सुरुवातीला नाना पहाटे बघत ते संघ हरला का एवढ्यासाठीच.

डल्लासला सहा सामन्यांत हरवलं. २ जूनला आमच्याच बर्फावर, २-१. अठरा वर्षांनी अंतिम फेरी. समोर फ्लोरिडा पँथर्स.

जून म्हणजे बर्फवाल्याचा वैशाख. एडमंटनला रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो. बाहेरच्या चौकात हजारो माणसं निळ्या-नारिंगी जर्सीत सकाळपासून जमलेली. दारं उघडली की गर्दीबरोबर बाहेरची ओलसर ऊब आत येते आणि बर्फावर अलगद धुक्याचा पदर चढतो. हवेतलं पाणी शोषणारी यंत्रं दिवसरात्र चालू, कोबा एरवीपेक्षा थंड, झॅम्बोनीतून पाणी कमी, कारण जास्त सोडलं तर अठरा मिनिटांत गोठतच नाही. मुकादम दर तासाला बर्फाचं तापमान बघे आणि कोणाशी बोलत नसे. फ्लोरिडात पहिले दोन सामने हरून संघ परतला होता, ०-३ आणि १-४. १३ जूनचा तिसरा आमच्याकडे, ३-४. सातातले चार जिंकायचे आणि समोरचे तीन जिंकून बसलेले. अंतिम फेरीत ०-३ वरून उठून चषक घेतलेला आजवर एकच संघ, १९४२ सालचा टोरांटो.

त्या रात्री मी विमानाची तिकिटं काढून ठेवणार होतो. शनिवारी, १५ जूनला, सगळं संपणार हे शेंबडं पोर सांगत होतं. शनिवारी दुपारी चषक इमारतीत आला. जिथे निकाल लागायची शक्यता असते तिथे तो न्यावाच लागतो, पांढरे हातमोजे घातलेले त्याचे राखणदार बरोबर. म्हणजे आमच्या घरी, आमच्या दारामागे, दुसऱ्याला द्यायचा चषक ठेवलेला. तो मांडायचं टेबल आणि खाली अंथरायचं कार्पेट तयार ठेवायचं काम आमच्या टोळीकडे होतं. पाजीने कार्पेटची गुंडाळी भिंतीला टेकवली आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी गुंडाळीला फावड्याने मागे ढकललं, उगाचच. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, त्या रात्री ८-१! पक जायची ती सगळी आत जात होती. कार्पेट उलगडलं नाही. पाजी आणि मी ती गुंडाळी परत नेताना लग्नघरातल्या पोरांसारखे हसत होतो. तिकिटाचं पान मी घरी जाऊन बंद केलं. नानांचा निरोप आलेला होता, फक्त आकडा: ८-१, आणि पुढे उद्गारचिन्हं. एसटीतल्या माणसाने कधी उद्गारचिन्ह वापरलेलं मी पाहिलं नव्हतं.

फ्लोरिडात पाचवा जिंकले, ५-३. २१ जूनला सहावा आमच्याकडे, ५-१. ३-३. ओरडून ओरडून लोकांचे घसे बसले होते, काचा थरथरत होत्या हे मी हाताने तपासलं. पण आमच्यासाठी त्या रात्री एक गोष्ट ठरून गेली. सातवा सामना फ्लोरिडात होता, म्हणजे हरोत की जिंकोत, आता या बर्फावर कोणी खेळणार नव्हतं. संघाचा हंगाम तीन दिवसांनी संपणार होता. आमचा तिथेच संपला. बाहेर भोंगे वाजत होते आणि मुकादम बर्फ वितळवायच्या कामांची यादी लिहीत होता. प्लेऑफचे एकूण २५ सामने, त्यांतले १२ आमच्या बर्फावर. एप्रिलपासून त्या दिवशी पहिल्यांदा मला संघाच्या जिंकण्याने काही तोटा नव्हता. सुट्टी पक्की होती. त्यामुळे २४ जूनच्या सोमवारी मी जितक्या निखळ मनाने ते जिंकावेत म्हणून बसलो तितका सगळ्या हंगामात कधी बसलो नव्हतो.

१-२ असे हरले. रॉजर्स प्लेसमध्ये मोठ्या पडद्यावर सामना बघायला लोक भरले होते. ते उठलेच नाहीत बराच वेळ. नंतर जाहीर झालं की प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस मॅकडेव्हिडला. ४२ गुण, त्यात ग्रेट्झ्कीचा जुना विक्रम मोडणारे ३४ असिस्ट. हरलेल्या बाजूच्या खेळाडूला हे बक्षीस क्वचितच मिळतं. गोलरक्षक सोडून द्या, तर आधीचं उदाहरण थेट १९७६ सालचं. मॅकडेव्हिड ते घ्यायला बर्फावर परत आलाच नाही.

नानांचा फोन लगेच आला. त्यांच्याकडे सकाळचे आठ वाजून गेले होते. हरल्याचं दुःख त्यांनी एका वाक्यात उरकलं. त्यांचा आक्षेप बक्षिसावर होता. “हरलेल्याला बक्षीस देतातच कसे? आणि देतात तर त्याने घ्यायला यायला नको? मान आहे तो.” मी म्हटलं, नाना, तो आतमध्ये कसा बसला असेल बघा ना. “कसा का बसलेला असेना. डेपोत अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी गणवेश घालून हजर होतो.” मी पडतं घेतलं नाही. माझ्या मते तो आला नाही हेच बरोबर होतं. एरवी जावई-सासरे म्हणून आम्ही एकमेकांना फार जपून बोलतो. त्या दिवशी दोघांचे आवाज चढले आणि बायकोने फोन काढून घेतला.

जुलैत बर्फ नव्हता तेव्हा आम्ही गेलो. पिंपळगावला पाऊस लागून राहिला होता, अंगणातला मांडव दोनदा आवळून बांधला. नानांना पाटावर बसवलं, ८१ दिव्यांची ताटं पेटवून लेकी-सुना ओवाळायला उभ्या राहिल्या, गुरुजी मंत्र म्हणत होते. नाना मान न वळवता शेजारी बसलेल्या आपल्या मेव्हण्याला सांगत होते की सातव्या सामन्यात दुसऱ्या डावात फ्लोरिडाचा तो गोल कसा झाला, आणि मॅकडेव्हिडचं चुकलंच. मेव्हण्यांनी विचारलं, हा कोण? नानांनी माझ्याकडे बोट केलं. “यांच्या कंपनीतला आहे.”